साडेतीनशे घोडे आणि वाटीभर ऑइल

स्पोर्ट्स कारच्या मालकाइतका प्रेमळ माणूस शोधून सापडायचा नाही. गाडीच्या अंगाला कोणता शाम्पू सोसतो, पुसायचे फडके किती मऊ असावे, ते गोल फिरवावे की सरळ ओढावे, याबद्दल त्याची मते ठाम असतात आणि ती कोणी विचारण्याची तो वाट पाहत नाही. सिरॅमिक कोटिंगवर तो तासभर बोलेल. फक्त बॉनेट उघडून ऑइलची पट्टी शेवटची कधी ओढून पाहिली, एवढे विचारू नये. विचारलेच तर तो सर्व्हिस सेंटरचे नाव सांगतो, म्हणजे ते खाते आपल्याकडे नाही असे सुचवतो. आता गंमत अशी की, त्याच्या गाडीचा जो काही रुबाब आहे तो ज्या यंत्रणांच्या जिवावर आहे त्यांतली एक, व्हेरिएबल व्हॉल्व टायमिंग, ही सर्वस्वी त्या न ओढलेल्या पट्टीच्या टोकावर अवलंबून असते. ही यंत्रणा ‘गेली’ म्हणून जी बिले फाडली जातात, त्यांतल्या पुष्कळ बिलांत यंत्रणा बिचारी धडधाकट असते. ऑइल कमी तरी असते, घाण तरी असते, नाहीतर भलतेच असते. माझे म्हणणे इतकेच आहे की या दुखण्याचे निदान चुकते ते विद्या कमी पडल्यामुळे नाही, महागाच्या टोकाकडून सुरुवात केल्यामुळे. स्वस्तातली गोष्ट आधी तपासली तर आपल्या महागड्या गाडीचा अपमान होईल, अशी काहीतरी भावना त्यामागे असावी.

यंत्रणा करते काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सिलिंडरमध्ये हवा घेणारे आणि धूर सोडणारे व्हॉल्व उघडण्याचे काम कॅमशाफ्ट नावाचा दांडा करतो. जुन्या इंजिनात तो चेनने किंवा बेल्टने क्रँकशाफ्टला जखडलेला असे. कारखान्यात जी वेळ ठरली ती जन्मभराची. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने आजोबांच्या आणि कॉलेजातल्या भाच्यांच्या पानावर एकाच ठेक्यात वाढायचे ठरवले तर जे होईल, तेच अशा इंजिनाचे होते. आजोबांचा पहिला वरणभात संपायच्या आत मठ्ठा येऊन थडकतो, आणि भाचे रिकाम्या पानावर बोटे वाजवत बसतात. इंजिन संथ चालत असताना आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व एकाच वेळी फार काळ उघडे राहिले तर ते थरथरते. उलट मिनिटाला ८,००० फेऱ्या चालल्या असतील तर प्रत्येक व्हॉल्वला सेकंदाला ६६-६७ वेळा उघडमीट करायची असते. तिथे हवेला आत यायला सवड हवी तर आमंत्रण वेगळ्या वेळी धाडावे लागते. म्हणून चालत्या इंजिनातच कॅमशाफ्ट काही अंश पुढे-मागे फिरवायचा, ही ती युक्ती. अल्फा रोमिओने १९८० साली अमेरिकेत विकायच्या स्पायडरमध्ये ती प्रथम बाजारात आणली, आणि तीही शर्यती जिंकण्यासाठी नाही, तिथल्या धुराच्या नियमांत बसण्यासाठी. होंडाने १९८९ मध्ये इंटेग्रात व्हीटेक बसवले, ज्यात वेग वाढला की कॅमचा दुसराच, उंच टेंगळाचा भाग कामाला लागतो. १९९२ मध्ये बीएमडब्ल्यूचे व्हॅनॉस आले, त्याच सुमारास पोर्शची ९६८ व्हॅरिओकॅम घेऊन आली. आपल्याकडे होंडा सिटीच्या पाठीवर व्हीटेकची अक्षरे आली तेव्हा ती शेजाऱ्याच्या गॅलरीतून वाचता यावीत अशा बेताने गाड्या लावल्या जाऊ लागल्या, हा या तंत्रज्ञानाचा मराठी उपयोग.

कॅमशाफ्ट फिरवायचा कोणी, या प्रश्नाला इंजिनियर मंडळींनी दिलेले उत्तर काटकसरीचे आहे. इंजिनात ऑइल आहेच, पंप ते दाबाखाली वर पाठवतोच आहे, मग वेगळी मोटर कशाला? बहुतेक गाड्यांत कॅमशाफ्टच्या टोकाशी, चेनच्या चाकाच्या पोटात, फेजर नावाचा चपटा डबा असतो. त्यात कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात एक पाते. पात्याच्या एका अंगाला ऑइल भरले की कॅम पुढे सरकतो, दुसऱ्या अंगाला भरले की मागे. कोणत्या अंगाला किती भरायचे ते अंगठ्याएवढा एक सोलेनॉइड व्हॉल्व ठरवतो, आणि त्याला हुकूम देतो इंजिनाचा कॉम्प्युटर. त्या सोलेनॉइडच्या नळीत जी दांडी मागेपुढे सरकते तिच्या भोवतीची फट केसाच्या जाडीपेक्षा कमी असते. तिच्यात कचरा जाऊ नये म्हणून वाटेत एक बारीक जाळी बसवलेली असते. आता विचार करा. लाखो रुपयांची गाडी, तिच्यात कॉम्प्युटर, सेन्सर, सेकंदाला शेकडो हिशेब. आणि या सगळ्या बुद्धिमत्तेचा हुकूम प्रत्यक्षात अमलात कोण आणतो, तर दीड वर्षापूर्वी भरलेले, डांबराच्या रंगाचे झालेले ऑइल, एका नखाएवढ्या जाळीतून वाट काढत. ते पुरेसे पोचले नाही तर कॅम हुकुमाप्रमाणे फिरत नाही. जाड झाले तर उशिरा फिरतो. दांडी कचऱ्याने अडकली तर फिरून तिथेच बसून राहतो. इंजिन मग ट्रॅफिकमध्ये थरथरते, खालच्या वेगात ओढत नाही, पेट्रोल जास्त पिते, आणि डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा लागतो.

दिवा लागला की गाडी गॅरेजात जाते, स्कॅनरची वायर लागते आणि पडद्यावर अक्षरे उमटतात: पी ००११. खरे नाटक इथे सुरू होते. या कोडचा अर्थ इतकाच की सिलिंडरांच्या पहिल्या बँकेतला, म्हणजे रांगेतला, आत घेणाऱ्या बाजूचा कॅम सांगितलेल्या जागी नाही, जास्त पुढे आहे. का नाही, ते कोड सांगत नाही. ऑइल कमी असेल, चुकीच्या ग्रेडचे असेल, जाळी तुंबली असेल, सोलेनॉइड चिकटला असेल, वायर तुटली असेल, फेजर झिजला असेल, चेन लांबली असेल. या सगळ्या गुन्ह्यांची फिर्याद एकाच कलमाखाली नोंदवली जाते. पण पडद्यावर इंग्रजीत ‘कॅमशाफ्ट’ दिसले की मेकॅनिक कॅमशाफ्टकडे पाहतो, ‘सेन्सर’ दिसले की सेन्सर बदलतो. पी ००१६ आला, म्हणजे क्रँक आणि कॅम यांची गाठ जुळत नाही असे कॉम्प्युटरने कळवले, तर आधी दोन्ही सेन्सर बदलले जातात, कारण ते बाहेरून हाताला लागतात. साक्ष देणाऱ्यालाच आत टाकायचे असा हा न्याय. सेन्सर बदलून दिवा विझला तर निदान बरोबर ठरते, आणि आठवड्याने पुन्हा लागला तर नवा सेन्सर खराब निघाला असे ठरते. मग सोलेनॉइड, मग फेजर, मग चेन. शेवटी इंजिन उघडायचेच आहे म्हणून ऑइल बदलतात, आणि गाडी बरी होते ती बहुधा त्याने. बिलात मात्र ऑइल सर्वांत शेवटच्या ओळीत असते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला ही म्हण ज्याने काढली त्याने स्कॅनर पाहिला नव्हता, एवढेच.

वास्तविक या तपासणीचा क्रम काही गुप्त विद्या नाही. व्हीटेकच्या ऑइल-दाबाबद्दलचा कोड आला तर होंडाच्या दुरुस्तीपुस्तिकेत आधी ऑइलची पातळी पाहायला सांगितलेली असते. ज्यांनी ती यंत्रणा बनवली त्यांना हे सांगायला लाज वाटली नाही, तर आपल्याला करायला का वाटावी? पट्टी ओढायची, पुसायची, पुन्हा घालून पाहायची. ऑइल बोटावर घेऊन चोळायचे, वास घ्यायचा. पेट्रोलचा वास आला तर तीही माहितीच. नंतर कोड उमटला त्या क्षणी इंजिन किती गरम होते, किती फेऱ्यांवर होते, हे गाडीच्या कॉम्प्युटरमध्येच साठवलेले असते ते स्कॅनरवर वाचायचे. थंड इंजिनातच कोड येत असेल तर संशय ऑइलच्या जाडीवर, गरम झाल्यावर संथ चालताना येत असेल तर दाबावर. त्यानंतर स्कॅनरवर दोन आकडे शेजारी शेजारी लावायचे: कॉम्प्युटरने मागितलेला कोन आणि कॅमने दिलेला कोन. दुसरा पहिल्याच्या मागे रेंगाळत असेल तर एक गोष्ट, हललाच नाही तर दुसरी. सोलेनॉइडबद्दल शंका असेल तर टोयोटाची जुनी रीत फार मजेशीर आहे. इंजिन संथ चालू ठेवायचे, सोलेनॉइडचा कनेक्टर काढायचा आणि त्याला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट द्यायचे. इंजिनाने गचके खाल्ले किंवा ते बंद पडले तर सगळ्यांनी आनंद मानायचा, कारण कॅम हलला, म्हणजे सोलेनॉइड आणि ऑइलची वाट ठीक आहे. काहीच झाले नाही, इंजिन सुतासारखे चालत राहिले, तर काळजी करायची. गाडी बंद पडली म्हणून मेकॅनिक खूश झालेला पाहून मालकाला भोवळ येते, पण परीक्षा ती हीच. त्या सोलेनॉइडचा रोध टोयोटा सेलिकाच्या इंजिनात २० अंश सेल्सियसला ६.९ ते ७.९ ओहम भरायला हवा. तो मोजायला शंभर-दोनशे रुपयांचा मीटर पुरतो. दोन सारखे सोलेनॉइड असतील तर त्यांची अदलाबदल करायची. कोडही दुसऱ्या बाजूला गेला तर चोर सापडला. यातल्या कुठल्याच पायरीला नवा सुटा भाग लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच ती गाळली जाते. पंधरा मिनिटे विचार केल्याचे बिल लावायची सोय आपल्याकडे नाही. डब्यातून काढलेल्या नव्या सोलेनॉइडचे मात्र लावता येते, आणि रिकामा डबा मालकाच्या हातात पुरावा म्हणून देता येतो.

यावर पहिला आक्षेप दर्दी लोकांचा असतो, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, सगळे ऑइलवर ढकलू नका. काही इंजिनांत दोष जन्मजात असतो. खरे आहे. उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूच्या ई-४६ पिढीतल्या एम-३ चे एस-५४ इंजिन घ्या. सहा सिलिंडर, ३.२ लिटर, ३४३ अश्वशक्ती, ८,००० फेऱ्यांपर्यंत जाणारे. त्याच्या आवाजावर माणसे अजून हळवी होतात. याच्या व्हॅनॉसला साध्या ऑइलपंपाचा चार-पाच बारचा दाब मंद वाटला म्हणून त्याला स्वतःचा उच्च दाबाचा पंप दिला. दाब १०० बारच्या आसपास. तो पंप फिरतो कशाने? धूर सोडणाऱ्या बाजूच्या कॅमच्या टोकाला एक हब आहे, त्या हबला दोन छोटे कान आहेत, आणि ते कान एका चकतीच्या भोकांत शिरून पंपाला फिरवतात. भोके कानांपेक्षा जराशी सैल. कॅमशाफ्ट काही एकसारखा फिरत नाही. प्रत्येक व्हॉल्व उघडताना तो अडतो आणि मिटताना सुटतो, त्यामुळे कान भोकाच्या कडेवर अखंड आपटत राहतात. एक दिवस एक कान तुटतो. दुसरा आहे, त्यामुळे गाडी चालत राहते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. दुसराही तुटला की पंप थांबतो, व्हॅनॉस संपते, आणि आधी तुटलेला लोखंडाचा तुकडा सुखरूप ऑइलच्या टाकीत पडला की चेनच्या वाटेत, हे नशिबावर. इथे ऑइल कितीही ताजे असो, काही उपयोग नाही. सैल भोकाला ऑइल काय करणार? त्याच घराण्यातल्या झेड-३ आणि झेड-४ मधल्या सौम्य इंजिनांत व्हॅनॉसच्या पिस्टनवरच्या रबरी सील उष्णतेने कडक होतात, ऑइल बाजूने निसटते आणि खालच्या वेगातला जोर जातो. पोर्श ९६८ मध्ये दोन कॅमच्या मधल्या चेनला रेलणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वयाने ठिसूळ होतात आणि चेन त्यांना कापत जाते. अल्फाच्या ट्विन स्पार्क इंजिनांचे व्हेरिएटर तर झिजण्यासाठीच प्रसिद्ध. इटालियन सौंदर्य सकाळी सुरू झाले की डिझेलच्या टेम्पोसारखे खडखडते, आणि मालक शेजाऱ्यांना ते ‘कॅरेक्टर’ आहे असे समजावतो.

हे सगळे मान्य करूनही माझा मुद्दा मी मागे घेत नाही, थोडा सरकवतो. धातूत खोट होती हे खरे, पण ती महाग पडली ती पाहायचे राहिल्यामुळे. एस-५४ चेच बघा. या इंजिनात व्हॉल्वची फट आपोआप राखली जात नाही. दर ४५-५० हजार किलोमीटरच्या सुमारास वरचे झाकण उघडून ती मोजावी आणि शिम बदलून जुळवावी लागते. म्हणजे कंपनीनेच आत डोकावायची तारीख ठरवून दिली आहे. मेकॅनिक झाकण उघडून उभा आहे, कान तिथून चार बोटांवर आहेत. तेव्हाच व्हॅनॉसचे युनिट काढून ते पाहिले आणि घट्ट भोकांची चकती बसवली, तर वरखर्च होतो. नंतर कान तुटल्यावर जे होते त्याला खर्च हा शब्द अपुरा आहे. पण बहुतेक मालक त्या वेळी ‘फट तेवढी बघा, बाकी चालतेय ना’ म्हणतात. टोयोटाच्या दुसऱ्या एका इंजिनाची गोष्ट याहून बोलकी आहे. सेलिकाच्या वरच्या मॉडेलमध्ये आणि नंतर लोटस एलिसमध्ये बसलेल्या २-झेडझेड इंजिनात सहा हजारांच्या वर उंच टेंगळाचा कॅम लागतो आणि गाडी एकदम उधळते. सुरुवातीच्या वर्षांतल्या या इंजिनांत त्या यंत्रणेला ऑइल पोचवणारे बोल्ट झिजत किंवा तुटत. बोल्ट तुटला की उंच कॅम लागत नाही, बाकी सगळे व्यवस्थित. म्हणजे ज्या एका करामतीसाठी जास्त पैसे मोजून ती गाडी घेतली ती करामत गेली, आणि शहरात तीन हजारांच्या वर न जाणाऱ्या मालकाला ते कळायचा मार्गच नाही. तो तिसऱ्या मालकाला गाडी विकताना ‘इंजिन एकदम स्मूद’ म्हणून सांगतो, आणि खोटेही बोलत नाही.

दुसरा आक्षेप कंपनीच्या पुस्तकाचा आधार घेतो. पुस्तकात ऑइल बदलायचे अंतर इतके इतके लिहिले आहे, तुम्ही कोण त्याच्या आत बदला म्हणणारे? बीएमडब्ल्यूने अमेरिकेत नव्या गाडीला काही वर्षांचे सर्व्हिसिंग फुकट देण्याची योजना काढली, आणि त्याच काळात ऑइल बदलायचे अंतर वाढत वाढत १५,००० मैलांच्या, म्हणजे २४,००० किलोमीटरच्या घरात गेले. ऑइलचा खर्च ग्राहकाकडून कंपनीकडे आला आणि ऑइलचे आयुष्य वाढले. योगायोग सुखद असतात. मी कंपनीवर लबाडीचा आरोप करत नाही. सिंथेटिक ऑइल खरोखर सुधारले आहे, आणि महामार्गावर रोज शंभर किलोमीटर एका लयीत जाणाऱ्या गाडीला ते अंतर चालूनही जाईल. पण कंपनीचा हिशेब वॉरंटीपर्यंतचा असतो आणि मालकाचा पुढच्या वीस वर्षांचा. त्या पुस्तकाचे समर्थक एक गोष्ट सोयीने विसरतात. पुस्तकात त्याच पानावर ऑइलची पातळी अधूनमधून स्वतः तपासायलाही सांगितलेले असते. वेगवान इंजिने ऑइल पितात, तसे कंपन्या कबूलही करतात. तेव्हा बदलायची तारीख येईपर्यंत बदलण्यापुरते ऑइल उरले आहे का, हे मधे कोणीतरी पाहावे लागते. नाहीतर तेलही गेले, तूपही गेले, आणि हाती धुपाटणे येण्याऐवजी टोइंगवाल्याची पावती येते.

तिसरा आक्षेप सर्वांत निरागस आहे: ‘अहो, पण माझी गाडी चालतेच कुठे? वर्षात हजार किलोमीटरही होत नाहीत.’ हे वाक्य ऐकले की गाडीची खरी काळजी वाटू लागते. मुंबईत अशा गाड्या रविवारी पहाटे बाहेर पडतात, मरीन ड्राइव्हवर फोटो होतात, कॉफी होते, नऊच्या आत परत. पावसाळ्याचे चार महिने, जमिनीपासून चार बोटे उंच असलेली ती गाडी खड्डे आणि तुंबलेले पाणी यांच्या भीतीने आच्छादनाखाली असते, आणि बॅटरी उतरू नये म्हणून ड्रायव्हर आठवड्यातून एकदा येऊन पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून जातो. मालकाला वाटते गाडी विश्रांती घेते आहे. वस्तुस्थिती अशी की, एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी तयार होते. गरम इंजिनात त्याची वाफ होऊन ते निघून जाते. थंड इंजिनात त्यातले काही पिस्टनच्या रिंगांवरून खाली झिरपून ऑइलमध्ये उतरते, सोबत न जळलेले पेट्रोलही. पाच मिनिटांत ते उडून जाण्याइतके ऑइल तापत नाही. असे आठवड्यामागून आठवडे झाले की आत जे तयार होते त्याला ऑइल म्हणायचे ते केवळ जुन्या ओळखीमुळे. त्यातून चिकटा होतो, चिकट्याने जाळी तुंबते, आणि नऊशे किलोमीटर चाललेल्या, नव्या कोऱ्या दिसणाऱ्या गाडीला दहा वर्षे टॅक्सी म्हणून पळालेल्या गाडीला होत नाही तो आजार होतो. टॅक्सीचे इंजिन सकाळी तापते ते रात्रीच थंड होते. व्हॉल्व टायमिंगच्या दृष्टीने ते जास्त सुखी. एम-३ बनवणाऱ्यांना मालकाचा स्वभाव ठाऊक असावा. त्यांनी फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीवर नारिंगी दिव्यांची ओळ ठेवली. ऑइल थंड असताना दिवे खालपासून लागलेले असतात आणि ते तापत जाईल तसे एकेक विझत रेडलाइन वर सरकते. इतके सोपे करून सांगितल्यावरही माणसे सोसायटीच्या फाटकातच ॲक्सिलरेटर दाबतात, कारण वॉचमनने मान वळवून पाहिले पाहिजे. ड्रायव्हरला पाच मिनिटांचे हे व्रत बंद करायला सांगावे आणि बॅटरीला चार्जर लावावा. गाडी काढायचीच असेल तर अर्धा तास नीट चालवावी. ऑइल किलोमीटर बघून नाही, कॅलेंडर बघून बदलावे. वर्षातून एकदा तर नक्कीच, आणि आच्छादन घालायच्या आधी बदलले तर उत्तम, म्हणजे चार महिने धातू घाण ऑइलात भिजत पडत नाही.

जाड ऑइलाच्या पंथाबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण तो आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. इंजिन खडखडते? जाड ऑइल टाका. आवाज खरोखर कमी होतो, आणि मेकॅनिकची कीर्ती वाढते. पण फेजरच्या कप्प्यांत शिरण्यासाठी ऑइल पटकन वाहावे लागते. टोयोटा ८६ ला ० डब्ल्यू २० सांगितले आहे ते कंपनीला पातळ गोष्टींची आवड आहे म्हणून नाही. उलट एस-५४ ला १० डब्ल्यू ६० सांगितले आहे, तर तिथे पेट्रोल वाचेल म्हणून पातळ टाकणे हाही तितकाच आगाऊपणा. जो ग्रेड बाटलीवर हवा तो गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो. अंतराच्या बाबतीत मी त्या पुस्तकाशी भांडलो, ग्रेडच्या बाबतीत त्याचे पाय धरतो, आणि यात मला विसंगती दिसत नाही, कारण ग्रेड इंजिनियर ठरवतो आणि अंतराच्या बैठकीला हिशेबनीस आणि विक्रीखात्याची मंडळीही असतात. स्वस्त ऑइल फिल्टरचाही असाच छुपा वाटा आहे. चांगल्या फिल्टरमध्ये बंद इंजिनातले ऑइल परत खाली ओघळू नये म्हणून रबराची झडप असते. ती टुकार असेल तर रात्रभरात वरच्या वाटा रिकाम्या होतात आणि सकाळी सुरू करताच फेजर कोरडा खडखडतो, दोन-तीन सेकंद, ऑइल वर पोचून आतली पाती ताळ्यावर येईपर्यंत. फिल्टरमध्ये वाचवलेले दोनशे रुपये असे रोज सकाळी वाजत राहतात. बाटलीबंद ‘इंजिन क्लीनर’ ओतून वर्षानुवर्षांचा चिकटा पाच मिनिटांत धुवायचा मोहही टाळलेला बरा. सुटलेली ढेकळे आधी त्या नखाएवढ्या जाळीवरच जाऊन बसायची शक्यता असते.

ती दोन-तीन सेकंदांची खडखड जुनी स्पोर्ट्स कार विकत घेणाऱ्याच्या सर्वांत कामाची, आणि म्हणूनच ती त्याच्या कानावर पडू नये अशी व्यवस्था असते. ठरल्या वेळी जावे तर गाडी फाटकाशी उभी, इंजिन चालू. ‘तुम्ही येणार म्हणून जरा गरम करून ठेवली’, असे विक्रेता पाहुण्याच्या चहाबद्दल बोलावे तसे बोलतो. गरम इंजिनात ऑइल सगळीकडे पोचलेले असते, फेजर मुका असतो. अशा वेळी बॉनेटवर तळहात ठेवावा, पट्टी ओढून पाहावी, ऑइल बदलल्याच्या पावत्या तारखांसह मागाव्या, आणि गाडी फार आवडल्याचे सांगून निरोप घ्यावा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, फोन न करता पुन्हा जावे. किल्ली आपणच फिरवावी, रेडिओ बंद ठेवावा, आणि पहिली तीन सेकंदे विक्रेत्याला बोलू देऊ नये. तो नेमका त्याच तीन सेकंदांत मागच्या सीटच्या लेदरबद्दल काहीतरी सांगायला लागतो.